पिवळ्या रेघेची भानगड (विजयदुर्गच्या फॉरवर्डसकट)

ऑगस्ट लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड ठरलेला. विजयदुर्गचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला, प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने शेअर करा वगैरे वगैरे. काका अंगठा टाकतात, आत्या हात जोडते, आणि मग कुणीतरी मला टॅग करतं कारण मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आणि माझं सासर देवगडचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच सापडते.

तर आधी किल्ल्याचं उरकून टाकते. १८६८ च्या त्या ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गावर नव्हता, भारतातच नव्हता. तो तिकडे लंडनला होता, वॉर ऑफिसात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात दुर्बिणीला डोळा लावून बसायचा. विजयदुर्गला तो आला हे मात्र शंभर टक्के खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. आणि काय थाटात आला, मेल्पोमीन नावाची ब्रिटिश युद्धनौका दिमतीला, तिच्यावरच्या ऑफिसरांना आणि खलाशांना निरीक्षणं कशी घ्यायची याची रीतसर प्रॅक्टिस दिलेली, कलकत्त्याहून प्रोफेसर पेडलर आलेले, ते तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. किल्ल्यावर जे चौथरे दाखवतात, साहेबाचे ओटे, कोणी कट्टे म्हणतं, त्यांचा संबंध लागतो तो या फेरीशी. आणि त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला, कॉलेज ऑफ सायन्सचे प्रोफेसर आणि तिथल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख, सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकून बसले होते. त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण म्हणून १८६८ च्या ग्रहणाशी आपला काही संबंध नाही असंही नाही. त्या ग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानातून आडवा गेला होता आणि दुर्बिणीवाल्यांची नुसती जत्रा भरली होती. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, तो कुठे तर जमखंडीला! तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान ते. अभिमानच बाळगायचा तर जमखंडीचा बाळगा ना, तो तरी खरा आहे.

बरं, हे सगळे बघायला काय आले होते? खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्याची तबकडी झाकली की कडेने लालसर ज्वाळांसारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. ते नक्की काय, ढग, डोंगर की आणखी काही, यावर वाद होता. आणि नुकतंच एक भारी हत्यार हातात आलेलं, स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत पसरवून दाखवणारं यंत्र. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किरखॉफने १८५९-६० मध्ये दाखवून दिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्याची वाफ तापवली की ठरावीक रंगांच्याच रेघा देते, दुसऱ्या कुणाच्या रेघा त्याच जागी तशाच बसत नाहीत. त्या जोरावर त्यांनी सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यंही शोधली होती. मग त्या ज्वाळांचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून बघितला तर चमकदार सुट्या रेघा दिसल्या, म्हणजे तो तापलेला वायूच, आणि त्यातला बराचसा हायड्रोजन. आणि एक रेघ पिवळी. पिवळी म्हटल्यावर तेव्हाच्या कुणाच्याही तोंडात एकच नाव यायचं, सोडियम.

ते चुकीचं नव्हतंच म्हणा. वरण उतू जाऊन बर्नरवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळीजर्द होते ना, तो मिठातला सोडियम. चिमूटभर मीठ पुरतं. बुन्सेन-किरखॉफ तर वैतागले असतील या सोडियमला, हवेतल्या धुळीतही असतो, नको तिथे कडमडतो. सूर्याच्या नेहमीच्या स्पेक्ट्रममध्येही, म्हणजे रंगपट्ट्यातही, नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेघा आहेत, फ्राउनहोफरने त्यांना डी असं अक्षर दिलेलं. त्यांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, अगदी चिकटून.

दुसऱ्या दिवशी जान्सेनने गुंटूरला जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. त्या रेघा एवढ्या ठळक होत्या की त्याला वाटलं यांना बघायला ग्रहण कशाला पाहिजे? नेहमी त्या ज्वाळा दिसत नाहीत कारण आकाशात विखुरलेल्या उन्हात त्या बुडून जातात. पण उन्हात सगळे रंग असतात, स्पेक्ट्रोस्कोपमधून ते पसरवलं की पातळ पातळ होत जातं, आणि ज्वाळेचा प्रकाश मात्र दोनचार रेघांतच गोळा झालेला असतो, तो पसरणार कुठे! त्यामुळे रेघ उठून दिसते. लॉकियरच्या डोक्यात हीच आयडिया आधीपासून होती, त्याचं यंत्र बनून यायलाच उशीर झाला, ते ऑक्टोबरात हातात पडलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने लंडनमधून, ग्रहण नसताना, त्या ज्वाळा बघितल्या. जान्सेनचं पत्र हिंदुस्थानातून बोटीने गेलेलं, लॉकियरचं खाडीपलीकडून, आणि दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंचांनी भांडण न लावता दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं, शहाणी माणसं.

आता मुद्द्याची गोष्ट. लॉकियरने ती पिवळी रेघ नीट मोजली आणि ती सोडियमच्या जागेवर बसेना. आजच्या आकड्यात ५८७.६. सोडियमपासून जेमतेम दीड नॅनोमीटर बाजूला. तिला डी-३ म्हणायला लागले. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थात ती सापडेना, तेव्हा लॉकियर म्हणाला हे नवीन मूलद्रव्य आहे, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम नाव पडलं. पुष्कळांना पटलं नाही, हायड्रोजनच कुठल्यातरी विचित्र अवस्थेत असेल असं म्हणत होते. पुढची २७ वर्षं लॉकियरच्या हातात पुरावा काय, तर एक रेघ.

आमच्या क्लासमध्ये अणुरचनेचा धडा सुरू झाला की मी हे सगळं सांगते आणि मग फळ्यावर दोन आकडे लिहिते. सोडियमच्या पिवळ्या रेघेची ऊर्जा साधारण २.१० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं एकक). हेलियमच्या पिवळ्या रेघेची २.११. म्हणजे जवळजवळ सेम. मग विचारते, सांगा, दोन्हींची ऊर्जा सारखीच, तर सूर्याच्या रोजच्या उन्हात सोडियमची काळी रेघ ठसठशीत दिसते आणि हेलियमची का दिसत नाही? सूर्यात सोडियम किती, तर दहा लाख हायड्रोजनच्या अणूंमागे जेमतेम दोन. आणि हेलियम? वजनाने बघाल तर जवळजवळ पाव सूर्य हेलियमचा आहे. एवढा ढीगभर माल आणि रेघ नाही, आणि तो किडूकमिडूक सोडियम मात्र मिरवतोय.

वर्गात शांतता. एखादा म्हणतो, मॅडम, हेलियम निष्क्रिय आहे म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण ते पाठांतरातून आलेलं असतं, म्हणजे काय विचारलं की गाडी अडते.

मग मी जिना काढते. अणूतल्या इलेक्ट्रॉनला कुठल्याही उंचीवर उभं राहता येत नाही, ठरावीक पायऱ्याच असतात, मधे लटकता येत नाही. वर चढायचं तर तो प्रकाश गिळतो, खाली उतरताना प्रकाश टाकतो. आणि या जिन्याच्या पायऱ्या सारख्या नसतात, वर जावं तशा जवळ जवळ येत जातात, आणि एका उंचीनंतर इलेक्ट्रॉन अणूच्या बाहेरच. सोडियमच्या जिन्याचा माथा ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्टला. त्याचा सगळ्यात बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन तळाला, ३एस नावाच्या पायरीवर, आणि लगेच वरची ३पी ही पायरी २.१ वर. म्हणजे पिवळी रेघ ही सोडियमच्या जिन्याची पहिलीच पायरी. तळाशी उभा असलेला कुठलाही सोडियमचा अणू समोरून पिवळा प्रकाश आला की तो गिळतो आणि वर चढतो, त्यासाठी आधी काही तयारी लागत नाही. म्हणून सूर्यातल्या थोड्याशा सोडियमलाही काळी रेघ पाडता येते.

हेलियमचं उलटं. दोन इलेक्ट्रॉन, दोघेही १एस मध्ये, केंद्रकाने घट्ट धरून ठेवलेले. माथा २४.५९ ला, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वांत उंच. आणि पहिली पायरीच मुळी १९.८ वर! म्हणजे तळापासून जवळजवळ वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट काहीही नाही, नुसती भिंत, आणि मग वर माथ्याजवळ सगळ्या पायऱ्यांची गर्दी. आपली ती पिवळी रेघ त्या गर्दीतली आहे, इलेक्ट्रॉन वरच्या ३डी वरून २पी वर उतरतो तेव्हाची, आणि ही २पी पायरीच तळापासून २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच. काळी रेघ पडायची तर इलेक्ट्रॉन आधीपासून त्या २१ वर उभा असायला हवा, तर तो पिवळा प्रकाश गिळणार. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५८०० केल्विन, तिथे धक्काबुक्कीत मिळणारी ऊर्जा अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. कुठल्या पायरीवर किती अणू सापडतील ते सांगणारं बोल्ट्झमनचं सूत्र लावून बघा, दोनावर सतरा शून्यं एवढ्या हेलियमच्या अणूंमागे एखादा तिथे सापडेल. रेघ पडणार कशी?

इथे एखादी हुशार मुलगी हात वर करतेच, मॅडम मग हायड्रोजनची लाल रेघ कशी दिसते, तीही दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जाण्याची आहे आणि दुसरी पायरी १०.२ वर आहे. मला असला प्रश्न आला की दिवस सार्थकी. हिशोब तोच, उत्तर येतं वीसेक कोटी अणूंमागे एक. कमी वाटतं, पण हायड्रोजन इतका प्रचंड आहे की वीस कोटींत एकही पुरतो. दहा आणि एकवीस, आकडा दुप्पट, पण तो घातांकात बसलेला असल्यामुळे फरक कुठल्या कुठे जातो. घातांक म्हणजे काय हे मला कॉलेजात गणिताच्या तासाला नाही, या उदाहरणात कळलं.

मग ग्रहणात हेलियमची रेघ का दिसली? कारण तेव्हा आपण पृष्ठभागाकडे बघत नसतो, त्याच्या वरच्या विरळ थराकडे आणि त्या ज्वाळांकडे बघत असतो. त्यांच्याभोवती करोना असतो, म्हणजे सूर्याचं सगळ्यात बाहेरचं विरळ वातावरण, लाखो अंश तापलेलं, त्यातून जहाल अतिनील आणि क्ष-किरण येत असतात. ते हेलियमचा इलेक्ट्रॉन पार बाहेर फेकून देतात, आणि मग अणू परत दुसरा इलेक्ट्रॉन पकडतो, तो माथ्यावरून एकेक पायरी उतरत येतो आणि वाटेत ती पिवळी उडी मारतो. म्हणजे खालून चढून नाही, वरून पडून. १८६८ ला हे कुणालाच माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉनच माहीत नव्हता, तो थॉमसनला १८९७ मध्ये सापडला.

आता माझं जे म्हणणं आहे ते. अणुरचनेचा अख्खा धडा या एका पिवळ्या रेघेवर टांगता येतो आणि आपण तो तुकड्यातुकड्यात शिकवतो. थॉमसन मॉडेल चार मार्क, रदरफोर्ड चार मार्क, बोहरची गृहीतकं लिहा, मर्यादा लिहा. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय ते मुलांना कळतच नाही.

बघा ना पुढे काय झालं. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर ॲसिड टाकून निघणारा वायू तपासत होता, त्याला आर्गॉन मिळायची आशा होती. स्पेक्ट्रोस्कोप लावला तर पिवळी रेघ, आणि सोडियमच्या जागेवर नाही! क्रुक्स या शास्त्रज्ञाने मोजून सांगितलं, ही तीच, डी-३. लॉकियर सुटला एकदाचा. पण हेलियम कुणाशी संयोग पावत नाही, मग तो खनिजाच्या आत काय करत होता, आणि तोही नेमका युरेनियमच्याच? उत्तर मँचेस्टरमधून आलं. रदरफोर्ड आणि रॉइड्सने अगदी पातळ काचेच्या नळीत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू भरला, इतकी पातळ की युरेनियम, रेडॉनसारख्या किरणोत्सर्गी पदार्थांतून सुटणारे अल्फा कण आरपार जातील पण वायू सुटणार नाही, बाहेरच्या नळीत जे जमलं त्यातून वीज सोडली. दोनेक दिवसांनी पिवळी रेघ दिसायला लागली आणि सहा दिवसांत हेलियमच्या बाकीच्या ठळक रेघाही. १९०९ मध्ये हे छापून आलं. अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम, हे ठरवलं त्या रेघेने. त्याच सुमाराला त्याच लॅबमध्ये गायगर आणि मार्सडेन हे अल्फा कण सोन्याच्या पत्र्यावर मारत होते, काही चक्क मागे फिरत होते, आणि १९११ ला रदरफोर्डने त्यातून केंद्रक काढलं. परीक्षेत सोन्याच्या पत्र्याची आकृती काढणाऱ्या किती मुलांना माहीत असतं की त्यातला गोळीबार हेलियमचा होता?

१९१३ ला बोहर आला आणि पायऱ्यांचा हिशोब मांडला, हायड्रोजनच्या रेघा बरोबर बसल्या. हे सगळे शिकवतात. पण त्याचं खरं वजन वाढलं ते हेलियमने. खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला एका ताऱ्यात काही रेघा सापडल्या होत्या, हायड्रोजनसारख्या दिसणाऱ्या, सगळे त्यांना हायड्रोजनच समजत होते. बोहर म्हणाला, नाही, हा एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम आहे, केंद्रकावर दुप्पट भार, म्हणून ऊर्जा चौपट. फाउलरने हरकत घेतली की मोजमापात बरोबर चारपट येत नाही, थोडं जास्त येतं. बोहरने केंद्रकही किंचित हलतं हे धरून परत हिशोब केला, उत्तर ४.००१६३. मोजमापाशी जुळलं. नंतर इव्हान्सने हायड्रोजन नसलेल्या हेलियममध्ये त्या रेघा दाखवल्याच. दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर जिंकलेली मॅच आहे ही.

रदरफोर्डला तरी एक शंका होतीच, त्याने बोहरला पत्रात विचारलं की इलेक्ट्रॉनला आधीच कसं ठाऊक असतं की आपण कुठे जाऊन थांबणार आणि कुठल्या कंपनसंख्येचा प्रकाश टाकायचा. माझ्या वर्गात एका मुलाने जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं आणि बाकीची हसली. मी त्यांना सांगितलं की हसू नका, हा प्रश्न नोबेलवाल्या माणसाचा आहे. उत्तर द्यायचं तर उडी हा शब्दच जरा फसवा आहे, इलेक्ट्रॉन गोट्यासारखा इकडून तिकडे जात नाही, त्याचा पसारा एका आकारातून दुसऱ्या आकारात बदलतो. अकरावीला एवढंच सांगून थांबते, जास्त खेचलं की डोळे पांढरे होतात.

आणि मजा म्हणजे ज्या बोहर मॉडेलला एक इलेक्ट्रॉनवाल्या हेलियमने तारलं त्याला दोन इलेक्ट्रॉनवाल्या, साध्या हेलियमने बुडवलं. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, तो हिशोब बोहरच्या पद्धतीने जमेचना. शिवाय हेलियमच्या रेघांचे दोन वेगळे गट पडायचे, एका गटातल्या पायरीवरून दुसऱ्या गटात जवळजवळ कुणी उतरतच नाही, त्यामुळे रुंगे आणि पाशेनला १८९५ मध्ये वाटलं की हे दोन वायूंचं मिश्रणच असावं. १९२६ मध्ये हायझेनबर्गने उलगडा केला, वायू एकच, पण दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, त्याला दोनच दिशा) एकमेकांच्या उलटे असले तर एक जिना आणि एकाच दिशेने असले तर दुसरा. आपली पिवळी रेघ या दुसऱ्या जिन्यावरची. तळाची १एस पायरी मात्र दुसऱ्या जिन्याला नाहीच, कारण दोन्ही इलेक्ट्रॉन १एस मध्ये बसवायचे तर स्पिन उलटे पाहिजेतच, तो पाउलीचा नियम. धड्याच्या शेवटी स्पिन क्वांटम नंबर म्हणून एक कोरडी ओळ येते ना, ती ही.

कुणाला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ग्रहणाची वाट बघू नका. बऱ्याच कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमध्ये कपाटात हेलियमची डिस्चार्ज ट्यूब, म्हणजे वीज सोडली की चमकणारी वायूची नळी असते, लॅब असिस्टंटना गोड बोलून काढून घ्या. सोडियमचा दिवा तर असतोच. जुन्या सीडीच्या तुकड्याने रेघा दिसतात पण दोन पिवळ्यांतला फरक कळणार नाही, इंचाला १५००० रेघांचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेघांची पट्टी) घ्या, स्पेक्ट्रोमीटरवर आधी सोडियम लावून दुर्बिणीतली क्रॉसवायर त्या रेघेवर बसवा, ग्रेटिंग आणि दुर्बीण अजिबात न हलवता दिवा बदलून हेलियम लावा, पिवळी रेघ क्रॉसवायरच्या जरा बाजूला पडलेली दिसेल. स्लिट बारीक ठेवा, आणि ट्यूब सारखी चालू ठेवू नका, तापते, मग असिस्टंट पुढच्या वेळी देत नाहीत.